स्लायडरचा बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होतोय? पाना बाजूला ठेवा, आधी बैठक बघा

माझ्या मोटरसायकलचा उजव्या बाजूचा स्लायडर (गाडी पडली तर इंजिनाऐवजी स्वतः रस्त्यावर घासणारं, बोल्टवर बसवलेलं प्लास्टिकचं गट्टू) हाताने फिरतोय हे मला पहिल्यांदा कळलं ते पौडच्या पेट्रोल पंपावर. हवा भरणाऱ्या पोराने उठताना आधाराला म्हणून त्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दादा, हे ढिलं झालंय." बसवून तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते.

पुढचे चार महिने मी जे केलं ते बहुतेक सगळे करतात. ज्या दुकानातून स्लायडर घेतला तिथे गेलो, त्यांनी पान्याला पाइप लावून बोल्ट आवळून दिला. सहाशे किलोमीटरनंतर पुन्हा तेच. मग स्प्रिंग वायसर घातला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी लाल थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारं रसायन) ओतला आणि "आता गाडी मोडेल पण हा निघणार नाही" अशी ग्वाही मिळाली. बोल्ट निघाला नाही हे खरं, पण सैल मात्र झाला. हे दोन्ही एकाच वेळी कसं होऊ शकतं, ते मला तेव्हा समजत नव्हतं. सगळी गोम तिथेच होती.

शेवटी जुलैत ताम्हिणीत एका भज्यांच्या टपरीसमोर साइडस्टँड चिखलात रुतला आणि उभी गाडी आडवी झाली. वेग शून्य. अशाच पडण्यासाठी तर स्लायडर असतो. पण बोल्ट वाकला, स्लायडर तिरका होऊन रेडिएटरच्या कव्हरात घुसला आणि इंजिनच्या ज्या कानाला बोल्ट लागतो तिथल्या रंगाला तडा गेला. स्लायडर नसता तर बहुधा हँडलचं टोक आणि फूटपेग खरचटून विषय संपला असता.

माझी गाडी ट्रेलिस फ्रेमची (नळ्यांच्या जाळीची), सिंगल सिलिंडरची नेकेड, म्हणजे फेअरिंग हे बाहेरचं प्लास्टिकचं आवरण नसलेली, वजन १६० किलोच्या आसपास. दोन्ही बाजूंना इंजिन माउंटचे वेगवेगळे बोल्ट, एम१० (जाडी १० मिलिमीटर), पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५. स्लायडर बसवताना हा मूळ बोल्ट काढून त्याच्या जागी लांब बोल्ट येतो. म्हणजे स्लायडर सैल झाला याचा अर्थ नुसती ॲक्सेसरी सैल झाली असा नाही, तर इंजिन फ्रेमला धरून ठेवणारा बोल्ट सैल झाला असा आहे. "नंतर बघू" म्हणण्याची ही जागा नव्हे.

काकांनी काय केलं

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, उभं आयुष्य टूलरूममध्ये गेलेलं. त्यांना वाकलेला बोल्ट दाखवला. त्यांनी आधी तो आमच्या स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवून तळव्याने लाटला. बोल्ट थडथडत गेला. "हा गेला," म्हणाले, आणि बाजूला टाकला. मग बोल्टात त्यांना काडीचाही रस उरला नाही. स्लायडरचं गट्टू, आतली बुश (बोल्ट जिच्यातून जातो ती नळी) आणि वायसर ओट्यावर मांडून ते नुसते बघत बसले. मग व्हर्निअर मागितला.

"अरे, तू इतके दिवस आवळतोयस कोणाला? प्लास्टिकला!"

गट्टूच्या आत धातूची बुश होती, पण बोल्टाचं डोकं जिथे बसतं तिथे ती प्लास्टिकच्या पातळीपेक्षा दीड मिलिमीटर आत होती. म्हणजे वायसर बुशवर टेकतच नव्हता. तो टेकत होता नायलॉनवर. बोल्टाने दिलेला सगळा दाब नायलॉन झेलत होतं.

मग खाली पार्किंगमध्ये जाऊन त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली. बुशच्या फ्रेमकडच्या तोंडाला व्हाइटबोर्डचा निळा मार्कर फासला, बुश फ्रेमच्या बैठकीवर, म्हणजे ती जिथे टेकते त्या जागेवर, दाबून धरली, अर्धा इंच फिरवली आणि काढली. बुशचं तोंड पूर्ण गोल टेकत असेल तर फ्रेमवर निळी चकती उमटायला हवी. उमटली होती चंद्रकोर. तीही प्रतिपदेची. कारण बैठकीला लागूनच वेल्डिंगचा एक मणी होता आणि बुशची कड त्यावर चढून बसत होती.

एवढंच. दोन दोष, आणि दोन्हींचा बोल्टाशी किंवा आवळण्याशी काही संबंध नाही.

हे असं का होतं

बोल्ट आवळताना आपण खरं तर त्याला ताणत असतो. ताणलेला बोल्ट रबरासारखा मागे यायला बघतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. बोल्टाला जागेवर धरून ठेवते ती ही ओढ. एम१० बोल्ट ४५ न्यूटन-मीटरने आवळला तर साधारण २२,५०० न्यूटनची ओढ तयार होते, म्हणजे जवळपास सव्वादोन टन. नेहमीचा २० मिलिमीटरचा वायसर एवढा दाब नायलॉनवर देतो तेव्हा प्रत्येक चौरस मिलिमीटरवर दहाएक किलो येतात. नायलॉन लगेच फुटत नाही. ते हळूहळू सरकत, बसत जातं. इंजिन तापलं की अजून जरा बसतं. ते पाव मिलिमीटर जरी बसलं तरी बोल्टाचा ताण गेला, कारण एवढा आखूड बोल्ट मुळात ताणलाच जातो तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास.

म्हणूनच लाल थ्रेडलॉकरने माझा बोल्ट फिरू दिला नाही तरी सांधा ढिलाच झाला. आटे जागच्या जागी होते, प्लास्टिक मात्र खाली बसलं होतं.

आता ताण गेल्यावर काय होतं ते बघा. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं की बोल्टाला सर्वांत जास्त सैल करते ती आडवी हालचाल: जोडलेले दोन भाग एकमेकांवर इकडून तिकडे सरकायला लागले की आट्यांमधलं घर्षण मोडतं आणि बोल्ट आपोआप उलटा फिरतो. सिंगल सिलिंडरचं इंजिन ही अशी हालचाल पुरवायला सदैव तयार. स्प्रिंग वायसरबद्दल बोलायचं तर नासाच्या १९९० सालच्या फास्टनर मॅन्युअलमध्येही सरळ म्हटलंय की बोल्ट पूर्ण आवळल्यावर तो चपटा होऊन साध्या वायसरसारखाच वागतो, लॉक वगैरे काही करत नाही. तरी आपल्याकडे अजून प्रत्येक बोल्टाखाली तो हवाच असतो. असो.

आणि बोल्ट वाकला का? एम१० बोल्टाचा आट्यांमधला गाभा जेमतेम साडेआठ मिलिमीटर. ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे बोल्टाच्या ताकदीचा आकडा, मोठा तितका मजबूत) असा बोल्ट नुसताच सहा सेंटिमीटर बाहेर आला असेल तर टोकाला साधारण ६५ किलोचा भार आला की तो वाकायला लागतो. १६० किलोच्या गाडीसमोर हे काहीच नाही. पण तोच बोल्ट नीट ताणलेला असेल आणि २५ मिलिमीटर व्यासाची बुश बैठकीवर पूर्ण टेकलेली असेल, तर सांध्याचं तोंड उघडायलाच सव्वाशे किलोच्या वर भार लागतो, आणि तोवर बोल्टाला वाकण्याचा ताण फारसा जाणवतसुद्धा नाही. स्लायडरची ताकद बोल्टाच्या जाडीत शोधू नका. ती या सपाट, रुंद, घट्ट टेकलेल्या तोंडात आहे.

तुमच्या गाडीवर काय बिघडलंय ते कसं शोधायचं

आधी खात्री करा की सैल काय आहे. बऱ्याच चांगल्या स्लायडरमध्ये गट्टू बुशवर थोडं फिरतं आणि बोल्ट मात्र टणक असतो. तेव्हा गट्टू फिरवून बघू नका, बोल्टाच्या डोक्याला ॲलन की लावून बघा. बोल्ट घट्ट आणि फक्त गट्टू फिरत असेल तर ती समस्या नाही. नुसता आवाज त्रास देत असेल तर बुशवर एक रबरी ओ-रिंग चढवा आणि झोपा.

बोल्ट खरोखर सैल असेल तर तो काढा (कसा, ते पुढे येतं) आणि सगळ्यात आधी बुश आणि गट्टू हातात घ्या. एक सरळ पट्टी बोल्टाच्या डोक्याच्या बैठकीवर आडवी धरा. पट्टीला आधी धातू लागला पाहिजे. प्लास्टिक आधी लागत असेल तर माझाच रोग. वायसरचा गोल ठसा प्लास्टिकवर रुतलेला दिसला तर पट्टीचीही गरज नाही. काही स्वस्त स्लायडरमध्ये बुशच नसते, बोल्ट थेट प्लास्टिकमधून जातो. ते परत करा, आणि परत घेत नसतील तर दारामागे अडसर म्हणून वापरा.

मग मार्करची युक्ती, फ्रेमच्या बाजूला. निळी चकती पूर्ण उमटली तर उत्तम. तीन-चतुर्थांश उमटली तरी माझ्या मते चालेल. कोर उमटली तर बुश कशावर तरी चढतेय: वेल्डिंगचा मणी, पावडर कोटिंगचा गोळा, फ्रेमवरचा एखादा ओतीव आकडा, किंवा मूळ बोल्टासाठी असलेला खोलगट भाग ज्यात तुमची बुश मावत नाही. हा शेवटचा प्रकार 'सगळ्या गाड्यांना बसतं' म्हणून विकल्या जाणाऱ्या किटमध्ये फार. सगळ्यांना बसतं म्हणजे कोणालाच नीट बसत नाही, हे लग्नाच्या भाड्याच्या शेरवानीइतकंच खरं आहे.

दोन्ही तोंडं ठीक असतील तर बोल्टाची लांबी बघा. इथे दोन उलट्या चुका होतात. बोल्ट आखूड असेल तर आटे कमी पकडतात. समोर पोलादी नट असेल तर बोल्टाच्या व्यासाइतकी पकड पुरते, म्हणजे १० मिलिमीटर. समोर इंजिनच्या ॲल्युमिनियममध्ये पाडलेले आटे असतील तर दीडपट तरी हवी, १५ मिलिमीटर. ती नसेल तर आवळता आवळता एक दिवस आटेच वितळलेल्या लोण्यासारखे बाहेर येतील, आणि मग इंजिनच्या कानात हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी तारेचे नवे आटे) बसवण्याचं प्रकरण सुरू होतं.

उलट बोल्ट लांब असेल आणि भोक आंधळं असेल, म्हणजे पलीकडे आरपार नसेल, तर बोल्टाचं टोक तळाला टेकतं. टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरापर्यंत आवळलं की खूण देणारा) 'कट्' वाजतो, हाताला घट्ट लागतं, आणि स्लायडरवर मात्र दाब शून्य. हा दोष सापडायला सर्वांत अवघड, कारण बसवणारा प्रामाणिकपणे सांगतो की मी घट्ट आवळलाय. उपाय घरातच आहे. खराट्याची एक काडी भोकात घाला, तळाला टेकवा, कडेशी नखाने खूण करा आणि मोजा. बुशमधून आणि फ्रेममधून बाहेर आलेल्या बोल्टाची लांबी या खोलीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी हवी.

पिचची भानगड एकदाच सांगतो. एम१० बोल्ट १.२५ आणि १.५ अशा दोन्ही पिचमध्ये मिळतो. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं 'दहाचा बोल्ट' मागितलात तर हातात १.५ पडतो. तो १.२५ च्या भोकात दोन-तीन फेरे गुमान जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावला की आटे गेले. नवा बोल्ट शेवटपर्यंत बोटांनीच गेला पाहिजे. अडला तर थांबा, काढा, मूळ बोल्टाशेजारी धरून उजेडात आट्यांची फट जुळवून बघा.

हे सगळं नीट असूनही एकच बाजू सैल होत असेल तर तुमच्या गाडीत एकच लांब बोल्ट किंवा रॉड आरपार जातोय का ते बघा. अशा गाड्यांत डावीकडचा नट सुटतो आणि हलताना दिसतो उजवीकडचा स्लायडर.

दुरुस्ती

माझ्या बाबतीत भोसरीच्या एका लेथवाल्याकडे नवी बुश टर्न करून घेतली. माइल्ड स्टीलची, बाहेरून २५ मिलिमीटर, आतून १०.२, आणि लांबी अशी की गट्टूत घातल्यावर डोक्याकडून केसभर, म्हणजे ०.१ मिलिमीटर, बाहेर यावी. फ्रेमकडच्या कडेला मण्यापुरता चाम्फर मारून, म्हणजे कड तिरकी कापून घेतली. लेथवाल्याने विचारलं, "ॲल्युमिनियमची का नको? हलकी होईल." मी म्हटलं, पोलादच द्या. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या दुप्पट फुगतं आणि गार झालं की तितकंच आकसतं, त्यामुळे प्रत्येक राइडला सांधा आवळतो आणि सोडतो. चांगल्या कंपन्या ॲल्युमिनियमच्याच बुश देतात आणि त्या चालतातही. पण हातानं करून घ्यायचीच आहे तर माझी पसंती पोलादाला. वजनाचा फरक डब्यातल्या एका चपातीइतका.

वेल्डिंगचा मणी मात्र घासू नका. लेथवर बुश कापणं स्वस्त आहे, फ्रेमवर कानस चालवणं नाही.

बोल्ट नवा घेतला, १०.९ ग्रेडचा. ग्रेड डोक्यावर कोरलेली असते. नसेल तर तो बोल्ट इंजिन माउंटला लावू नका, दुकानदार काहीही म्हणो. ८.८ सुद्धा पुरतो. चकचकीत दिसतो म्हणून स्टेनलेसचा घेऊ नका: ए२-७० लिहिलेला स्टेनलेस बोल्ट ४५० मेगापास्कल ताणाला कायमचा ताणला जातो, ८.८ चा ६४० ला. १२.९ बद्दल लोक फार हौशीने बोलतात, पण तो वाकण्यापेक्षा तुटणं पसंत करतो. पडल्यावर बोल्ट वाकला तर तो जरा धडपडून का होईना काढता येतो. तुटून अर्धा इंजिनच्या कानात राहिला तर तो काढायला जो खर्च येतो त्यात स्लायडरचे चार जोड येतात. पुण्यात हे बोल्ट रविवार पेठेत बोहरी आळीत पिच सांगून मागितले तर मिळतात. नुसता नमुना नेला तरी दुकानदार डोळ्यांनी ओळखतो, पण ग्रेड तुम्हीच वाचा.

बसवताना इंजिन पूर्ण गार असू द्या. गाडी पॅडॉक स्टँडवर (चाक उचलून गाडी सरळ धरणारा स्टँड), इंजिनखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली जॅक. जॅकने इंजिन उचलायचं नाही, नुसतं टेकवायचं. एका वेळी एकाच बाजूचा बोल्ट काढायचा. दोन्ही एकदम काढले की इंजिन दोन मिलिमीटर खाली बसतं, भोकं जुळत नाहीत, मग कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून तरफ मारतं आणि पहिलाच आटा खराब होतो. आट्यांचे निम्मे बळी इथे जातात. बोल्ट शेवटी अडकून बसला आणि बाहेर येईना, तर ओढू नका. जॅक पाव फेरा वर-खाली करून बघा, एका जागी तो अलगद निघेल.

भोकातले जुने थ्रेडलॉकरचे कण ब्रशने काढा, पेट्रोलने धुवा, वाळू द्या. फ्रेमच्या बैठकीवर पावडर कोटिंगची उंच कड असेल तर तेवढीच पॉलिश पेपरने बसती करा. सगळा रंग खरवडला तर आपल्याकडच्या पावसात, विशेषतः कोकणात जाणार असाल तर, पुढच्या गणपतीपर्यंत तिथे गंज दिसेल. आवळून झाल्यावर बुशच्या कडेने बोटभर ग्रीस फिरवा.

थ्रेडलॉकर निळा, मध्यम ताकदीचा, आट्यांवर दोन-तीन थेंब. लाल नको, तो सोडवायला २५० अंशांच्या आसपास गरम करावं लागतं आणि शेजारी तुमचं प्लास्टिक, वायरिंग आणि कूलंटचा पाइप असतो. थ्रेडलॉकर फेअरिंगच्या प्लास्टिकवर सांडू देऊ नका, काही प्लास्टिकला त्याने बारीक चिरा जातात. आणि तो चोवीस तासांत पूर्ण सुकतो, म्हणून हे काम शनिवारी संध्याकाळी करा आणि रविवारी पहाटे लोणावळ्याला निघू नका.

टॉर्क किती? तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्या माउंट बोल्टासाठी जो दिलाय तोच. १०.९ चा बोल्ट लावला म्हणून जास्त आवळायचं नाही, कारण समोरचे आटे जुनेच आहेत. आटे कोरडे की तेलकट यानेही फरक पडतो: ग्रीस लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो. टॉर्क पाना नसेल तर विमानाची बॅग तोलायचा हुकवाला काटा घ्या. पान्यावर बोल्टाच्या मध्यापासून २५ सेंटिमीटरवर हुक अडकवा आणि पान्याला काटकोनात ओढा. काट्यावर १८ किलो आले की झाले साधारण ४५ न्यूटन-मीटर. काका हे बघून हसले, पण मग स्वतःच्या टॉर्क पान्याने तपासल्यावर हसायचे थांबले.

शेवटी बोल्टाच्या डोक्यावरून बुशवर येईल अशी नेलपॉलिशची एक सरळ रेघ. रेघ तुटलेली किंवा सरकलेली दिसली की बोल्ट फिरला. पण माझ्या पहिल्या बोल्टासारखा न फिरताच सैल झाला तर रेघ काहीच सांगणार नाही, म्हणून पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि मग ५०० नंतर गार इंजिनवर टॉर्क पुन्हा तपासा. ५०० ला पाना जागचा हललाच नाही तर सांधा बसला असं समजा.

गाडी एकदा पडून गेली असेल तर

बोल्ट सरळ दिसला तरी बदला. उगाच ओट्यावर लाटत बसू नका, पन्नास-शंभर रुपयांचा प्रश्न आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इंजिनचा कान. रंगाला तडा गेलाय की धातूला, ते डोळ्यांनी कळत नाही. काकांची जुनी पद्धत: तो भाग स्वच्छ करून रॉकेल लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड भुरभुरायची. धातूत चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळसर रेघ उमटते. माझ्या कानावर अर्धा तास काही उमटलं नाही, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तुमच्याकडे उमटली तर तिथे स्लायडर लावू नका, आधी गाडी गॅरेजला दाखवा.

नवा घेताना

खरं तर हे आधी लिहायला हवं होतं. पण स्लायडर लावून झाल्यावरच लोक असलं काही वाचतात, मीही तसाच.

लांबीच्या बाबतीत मोह आवरा. जितका बाहेर आलेला तितका चांगला वाटतो, पण लांबी दुप्पट केली की मुळाशी येणारा वाकवणारा जोरही दुप्पट होतो. किती हवा ते मोजता येतं. गाडी सरळ उभी करून एकाला हँडलच्या टोकाशी दोरी धरायला सांगा, दुसरं टोक चाकाच्या बाहेरच्या कडेला जमिनीशी ताणून धरा. स्लायडर त्या दोरीच्या बोटभर बाहेर आला की पुरे. मग तीच दोरी हँडलच्या टोकापासून फूटपेगपर्यंत. इंजिनचं कव्हर दोरीच्या आत राहिलं की काम झालं. त्याहून लांब गट्टू रस्त्यावर घसरण्याऐवजी दुभाजकाच्या कडेला अडकतं आणि घसरणारी गाडी उलटी फिरते.

गट्टूत बोल्टाचं डोकं किती खोल बसलंय तेही बघा. प्लास्टिक झिजण्यासाठीच आहे. डोकं वरवर असेल तर दोन फुटांत प्लास्टिक संपून पोलाद रस्त्याला लागतं. साहित्यात ॲसिटल, म्हणजे डेल्रिन, मला नायलॉनपेक्षा बरं वाटतं कारण ते पाणी कमी पितं आणि आकार धरून राहतं. पण बुश नीट असेल तर नायलॉनवरही माझा आक्षेप नाही. फेअरिंगला वळसा घालून ब्रॅकेटवर येणारे स्लायडर घेत असाल तर ब्रॅकेट दोन बोल्टांवर बसणारं घ्या. एकाच बोल्टावरचं ब्रॅकेट पडताना चावीसारखं फिरतं आणि बोल्ट स्वतःच सोडवतं.

आणि एक सरळ सांगायचं तर, तुम्ही रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्रेडल फ्रेमची (इंजिनाखालून नळ्या जाणारी) कम्युटर चालवत असाल तर स्लायडर घेऊच नका. साधा पाइपचा लेग गार्ड घ्या. स्लायडर गाडी वाचवतो, पाय नाही.

सप्टेंबरपासून माझ्या गाडीवर नेलपॉलिशची रेघ जागच्या जागी आहे. मूळ बोल्ट सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत, 'उ.' आणि 'डा.' लिहून ठेवलेत. टुकटुक आवाज मात्र नंतरही येत होता. पंधरा दिवस त्याच्यामागे होतो, दोनदा टॉर्क तपासला, काकांना पुन्हा खाली बोलावलं. त्यांनी गाडी चालू करायला सांगितली, मागे गेले आणि नंबरप्लेटवर बोट ठेवलं. आवाज बंद.